शहाण्णव खांब आणि एक शोधनिबंध

करमाळ्याच्या देवीच्या माळावर गेलेल्या नवख्या माणसाला कुणी ना कुणी एक आकडा सांगतोच. कमलाभवानीच्या देवळाचे खांब शहाण्णव, आवारातल्या ओवऱ्या शहाण्णव आणि बारवेच्या पायऱ्याही शहाण्णव. देऊळ राव रंभा निंबाळकरांनी बांधले आणि बांधकामाचे साल १७२७, असेही त्याच दमात सांगितले जाते. ऐकणारा मराठी मुलखातला असला तर शहाण्णव म्हणताच त्याला मराठ्यांची शहाण्णव कुळे आठवतात. खांब मोजून पाहण्याची गरज मग फारशा कुणाला वाटत नाही.

चिन्हमीमांसेच्या, म्हणजे चिन्हे आणि त्यांचे अर्थ यांच्या, अभ्यासकाला याहून चांगला विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. इथे आकडा मोजमापही आहे आणि खूणही. खांबांची संख्या दगडात उभी आहे, तिचा अर्थ मात्र लोकांच्या बोलण्यात आहे. समजा, करमाळ्यातल्या एखाद्या प्राध्यापकाने यावर निबंध लिहिला आणि तो जगातल्या चांगल्या नियतकालिकाकडे पाठवायचे ठरवले. निबंध लिहून झाला म्हणजे काम झाले, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. उरले ते टंकलेखन, समास आणि संदर्भसूची. ते डीटीपीवाला बघेल. निदान चिन्हमीमांसेत तरी ही समजूत फार महागात पडते. ज्या विषयात चिन्ह आणि त्याचा अर्थ वेगळे धरून दाखवायचे असतात, तिथे तिरपे अक्षर कुठे आणि अवतरणचिन्ह कुठे हा युक्तिवादाचाच भाग असतो.

पाठवायचे कुठे, हे आधी पाहू. या विषयाचे सर्वात जुने नियतकालिक ‘साइन सिस्टम्स स्टडीज’. युरी लोटमन यांनी ते १९६४ साली एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातून सुरू केले. सुरुवातीला ते रशियनमधून निघे, आता इंग्रजीतून निघते आणि सर्वांना वाचायला खुले आहे. दुसरे ‘सेमिऑटिका’. ते १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय चिन्हमीमांसा संघटनेचे मुखपत्र म्हणून निघाले आणि टॉमस सेबिऑक यांनी कितीतरी वर्षे त्याचे संपादन केले. मराठी माणसाला हा प्रांत अगदीच परका नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांची चिन्हमीमांसा आणि संस्कृती यांच्या आकलनाची पूर्वपीठिका मांडणारी इंग्रजी पुस्तिका म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने १९८० साली छापली. पुढे १९८३ पासून पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ सुरू झाले, त्यामागेही केळकरच होते. काटेकोर परिभाषेसाठी ते प्रसिद्ध होते, आणि काहींच्या मते कुप्रसिद्ध.

नियतकालिक ठरले की त्याची लेखकांसाठीची सूचनापत्रिका वाचायची, तीही निबंधाचा शेवटचा खर्डा करण्याआधी. शब्दमर्यादा, सारांशाची लांबी, संदर्भ देण्याची पद्धत हे सगळे तिथे असते. मागच्या दोन-तीन अंकांतले निबंध चाळले तर सूचनापत्रिकेत न लिहिलेलेही बरेच कळते.

आता मुख्य गाठ. आपल्या निबंधात ‘शहाण्णव’ हा शब्द निदान चार अर्थांनी येणार. एकदा तो उच्चारला जाणारा शब्द असेल, एकदा संख्या, एकदा त्या शब्दातून सुचणारी कुळांची कल्पना आणि एकदा प्रत्यक्ष उभे असलेले दगडी खांब. बोलताना आपण या चारही गोष्टी एकाच शब्दात बिनदिक्कत कोंबतो आणि कुणाचे काही अडत नाही. निबंधात अडते. ‘शहाण्णव पवित्र आहे’ असे वाक्य लिहिले तर परीक्षक विचारणार, नेमके काय पवित्र आहे? शब्द, संख्या की खांब?

भाषाविज्ञानाच्या आणि चिन्हमीमांसेच्या नियतकालिकांनी यावर एक साधी तोड काढली आहे. शब्दाबद्दल शब्द म्हणून बोलायचे असेल तेव्हा तो तिरप्या अक्षरांत, त्याचा अर्थ एकेरी अवतरणात आणि दुसऱ्याचे बोलणे उद्धृत केले असेल तर दुहेरी अवतरणात. उंबेर्तो इको यांनी १९७६ च्या आपल्या चिन्हमीमांसेवरच्या ग्रंथात याच्याही पुढे जाऊन खास खुणा वापरल्या. चिन्हाचा व्यक्त भाग दोन तिरक्या रेघांच्या मध्ये, त्याचा आशय फ्रेंच पद्धतीच्या कोनी अवतरणात, आणि एखादी वस्तूच चिन्ह म्हणून उभी असेल तर ती दुहेरी तिरक्या रेघांत. आपल्या निबंधात ही पद्धत वापरली तर /शहाण्णव/ म्हणजे तोंडचा शब्द, «शहाण्णव कुळे» म्हणजे त्याचा आशय आणि //शहाण्णव खांब// म्हणजे दगडी वास्तव. पान दिसायला जरा विचित्र होते, पण वाक्यावाक्याला खुलासा करत बसावे लागत नाही. शिवाय लेखकालाच कळते की आपण दोन परिच्छेद शब्दाबद्दल बोलत होतो आणि तिसऱ्यात नकळत खांबांकडे घसरलो. मांडणीच्या नियमाचा पहिला फायदा लिहिणाऱ्याला होतो, संपादकाला नंतर. याच इकोंनी १९७७ साली इटालियन विद्यार्थ्यांसाठी प्रबंध कसा लिहावा यावर अख्खे पुस्तक लिहिले, टिपणांची कार्डे कशी ठेवावीत इथपासून तळटीप कुठे द्यावी इथपर्यंत. एवढ्या मोठ्या विचारवंताला हे काम हलके वाटले नव्हते.

मराठीतून लिहिणाऱ्यापुढे इथे वेगळीच अडचण येते. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. संगणक अक्षरे नुसती कलती करून देतो, ती वाचायला त्रासदायक आणि दिसायला ओबडधोबड. म्हणून मराठी नियतकालिकांसाठी लिहिताना शब्द ठळक करावा किंवा एकेरी अवतरणात द्यावा, आणि कोणती खूण कशासाठी वापरली हे पहिल्याच टिपेत सांगून टाकावे.

निबंध इंग्रजीत असेल तर लिप्यंतराचा प्रश्न येतो, आणि तो गावाच्या नावापासूनच येतो. इंग्रजी पाट्यांवर करमाळ्यातला ‘ळ’ साधा ‘ल’ होऊन बसतो. वर्तमानपत्रात ते चालते. शब्दांच्या आकाराबद्दलच बोलणाऱ्या निबंधात चालत नाही. संस्कृतासाठी रूढ असलेल्या आयएएसटी पद्धतीत रोमन ‘एल’खाली टिंब दिले की तो ‘ऌ’ होतो, कारण अभिजात संस्कृतात ‘ळ’ला जागाच नव्हती. आयएसओ १५९१९ हे २००१ चे प्रमाण मात्र भारतीय लिप्यांचा विचार करून केलेले आहे. त्यात टिंबाचा ‘एल’ म्हणजे ‘ळ’, आणि ‘ऌ’साठी टिंबाऐवजी खाली छोटे वर्तुळ. म्हणजे एकच खूण दोन पद्धतींत दोन अक्षरे दाखवते. कोणती पद्धत वापरली हे टिपेत लिहिले नाही, तर एस्टोनियातल्या वाचकाने काय समजायचे? दुसरा प्रश्न ‘र’मधल्या ‘अ’चा. लिपीबरहुकूम गेले तर ‘करमाळा’तल्या ‘र’पुढे ‘अ’ लिहावा लागतो, उच्चाराबरहुकूम गेले तर तो गळतो. दोन्ही मार्ग मान्य आहेत. पाच पानांनी मार्ग बदलणे मान्य नाही.

मराठी वाक्ये उदाहरणादाखल द्यायची असतील तर तीन ओळींची पद्धत आहे. तिचे सर्वमान्य नियम लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या भाषावैज्ञानिकांच्या पुढाकाराने तयार झाले आणि त्याच शहराच्या नावाने ओळखले जातात. पहिल्या ओळीत लिप्यंतरित वाक्य, दुसऱ्या ओळीत प्रत्येक शब्दाची फोड, तिसऱ्या ओळीत भाषांतर. ‘देवळाला शहाण्णव खांब आहेत’ यातल्या ‘देवळाला’खाली देऊळ आणि प्रत्यय वेगवेगळे दाखवायचे, मध्ये जोडरेघ द्यायची आणि वरचा शब्द ज्या जागी सुरू होतो त्याच जागी खालचा सुरू करायचा. त्यासाठी मोकळ्या जागा टाकत बसू नये. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की सगळ्या ओळी सरकतात. बिनरेघांचा तक्ता वापरावा.

फॉन्टबद्दल बोलल्याशिवाय तालुक्याच्या गावातून निबंध पाठवण्याची गोष्ट पुरी होणार नाही. लग्नपत्रिका, कार्यअहवाल आणि प्रबंध एकाच डीटीपीच्या दुकानात तयार होतात, आणि तिथे अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरमालांवर काम चालते. छपाईपुरते ते सुरेख दिसते. पण तीच फाइल त्या फॉन्टशिवायच्या संगणकावर उघडली की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण आत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात, फक्त त्यांचे रूप असते. नियतकालिकाला युनिकोडच लागते. जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून मिळते, पण बदलताना काही अक्षरे हमखास बिघडतात, आणि आपल्या निबंधाचे दुर्दैव असे की त्यातले कळीचेच शब्द बिघडण्यातले आहेत. ‘ओवऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ यांतला आडवा ‘ऱ्य’ कधीकधी रफार होऊन डोक्यावर चढतो. बदललेल्या मजकुरात हे दोन शब्द शोधून आधी तपासावेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर फॉन्टही तसाच निवडावा लागतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतली अक्षरांची रूपे ठरवून दिली होती. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘शोभिका’ या मोफत फॉन्टमध्ये देवनागरीबरोबर टिंबे-रेघांची रोमन अक्षरेही आहेत, त्यामुळे एका फॉन्टात दोन्ही कामे भागतात. शेवटी फाइलबरोबर पीडीएफ जोडावी, म्हणजे लेखकाला काय दिसत होते ते संपादकाला कळते.

संदर्भ देण्यात तर या विषयाची स्वतःची खोडी आहे. त्याचे दोन्ही मूळपुरुष आपले मुख्य पुस्तक स्वतः छापून गेलेच नाहीत. फेर्दिनां द सोस्यूर १९१३ मध्ये वारले आणि त्यांच्या नावावरचे सामान्य भाषाविज्ञानाचे पुस्तक १९१६ मध्ये निघाले. विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून ते सिद्ध केले बाली आणि सेशेए या दोघांनी, आणि त्या दोघांनी ती व्याख्याने स्वतः ऐकलीही नव्हती. त्याचे वेड बास्किन यांचे इंग्रजी भाषांतर १९५९ चे, रॉय हॅरिस यांचे १९८३ चे. ज्या जोडीला आपण चिन्हक आणि चिन्हित म्हणतो तिच्यासाठी या दोघांनी वेगवेगळे इंग्रजी शब्द वापरले आहेत. त्यामुळे एका परिच्छेदात बास्किन आणि पुढच्यात हॅरिस असे उद्धृत केले तर निबंधाची परिभाषाच दुभंगते. कोणते भाषांतर घेतले ते सांगायचे आणि मूळ सालही चौकटी कंसात द्यायचे, नाहीतर सोस्यूर १९५९ मध्ये लिहीत होते असे वाटेल.

चार्ल्स पर्स यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. ते १९१४ मध्ये गेले तेव्हा हस्तलिखितांचा प्रचंड ढीग मागे उरला, तो हार्वर्ड विद्यापीठात आहे. त्यातून निवडलेल्या लेखनाचे सहा खंड १९३१ ते १९३५ दरम्यान आणि आणखी दोन १९५८ मध्ये निघाले. या खंडांचा संदर्भ पानाने देत नाहीत. खंड आणि परिच्छेद यांचे क्रमांक मध्ये टिंब देऊन लिहितात, म्हणजे २.२२८ हा दुसऱ्या खंडातला दोनशे अठ्ठाविसावा परिच्छेद, चिन्हाची ती प्रसिद्ध व्याख्या असलेला. पण संपादकांनी वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे विषयवार जोडले असल्यामुळे जाणकार अभ्यासक क्रमांकापुढे लेखनाचे वर्षही देतात. या व्याख्येचे ते अंदाजे १८९७ मानतात. न छापलेल्या हस्तलिखितांचे क्रमांक रिचर्ड रॉबिन यांच्या १९६७ च्या सूचीवरून येतात. यातले काहीच न देता नुसते ‘पर्स म्हणतो’ असे लिहिलेले निबंध आपल्याकडे पोत्याने सापडतील. पर्सचे इंग्रजी खंड उघडलेलेच नाहीत, कुठल्यातरी पाठ्यपुस्तकातून वाक्य उचलले आहे, हे परीक्षकाला तेवढ्यावरून कळते. पाठ्यपुस्तकातून घेतले असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

परिभाषेबाबत एक सावधगिरी. पर्सने केलेल्या चिन्हांच्या तीन प्रकारांसाठी प्रतिमा, निर्देशक आणि प्रतीक असे शब्द वापरले तर ‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ हे दोन्ही मराठी समीक्षेत आधीच वेगळ्या अर्थाने राबवलेले आहेत. कवितेतले प्रतीक आणि पर्सचे रूढीने ठरलेले चिन्ह या एक वस्तू नव्हेत. पहिल्या वापरालाच अर्थ बांधून टाकावा आणि पुढे समानार्थी शब्दांची हौस आवरावी. शाळेत निबंधात तोच शब्द परत वापरू नका असे शिकवतात. शोधनिबंधात तोच शब्द परत वापरा.

आणि मग येते ते ‘सांगितले जाते’. माझ्या या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ते खपले. शोधनिबंधात कुणी सांगितले, कधी सांगितले आणि छापील आधार कोणता, हे तिन्ही लागतात. १७२७ हे साल कुठून आले? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा विसावा खंड १८८४ चा आहे, तो उघडून करमाळ्याची नोंद स्वतः वाचावी. देवळातला किंवा बारवेवरचा कोरीव मजकूर पाहावा. आणि खांब मोजावेत. मोजताना अर्धस्तंभ धरले की नाही, गाभाऱ्यातले धरले की नाही, हेही लिहावे. मोजणी शहाण्णव भरली नाही तर निबंध पडत नाही, उलट अधिक रंगतदार होतो. संख्या जुळत नसतानाही लोक शहाण्णवच सांगत असतील, तर ती संख्या मोजमाप उरलेली नाही, निखळ चिन्ह झाली आहे.

कोरीव मजकूर सादर करण्याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यात आहे. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा मराठी शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला आणि मराठीच्या आद्य लेखांची चर्चा पुन्हा सुरू झाली. अशा लेखाची नक्कल देताना स्पष्ट अक्षरे, अंदाजाने वाचलेली अक्षरे आणि आपण भरलेली अक्षरे वेगवेगळी दिसली पाहिजेत. ग्रीक-लॅटिन लेखांसाठी १९३१ मध्ये लायडेनला ठरलेल्या संकेतांनुसार झिजलेल्या जागी भरलेली अक्षरे चौकटी कंसात देतात आणि संशयित अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत हे टिंब देऊ नये, कारण ते नुक्त्यासारखे दिसते आणि ‘ड’चा भलताच उच्चार होतो, तिथे प्रश्नचिन्ह बरे. शकाचे इसवी साल करताना ७८ मिळवायचे, म्हणजे ९४० चे १०१८ होते. मात्र शकवर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानच्या मितीला ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर दोन्ही साले मध्ये तिरकी रेघ देऊन लिहावीत.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगतो. ती मजकुरात चिकटवू नयेत, वेगळ्या फाइलींत पाठवावीत, साधारण ३०० डीपीआयची, आणि मजकुरात फक्त ‘आकृती २ इथे’ अशी खूण ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून आलेले छायाचित्र छपाईला चालत नाही, तिथे त्याचा दर्जा घटलेला असतो. प्रत्येक चित्राखाली काय आहे, कुणी काढले आणि कधी काढले हे असावे. देवळाच्या आत काढले असेल तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, भाविकांचे चेहरे दिसत असतील तर त्यांचीही. आणि ज्या चित्राबद्दल मजकुरात एक वाक्यही नाही ते गाळावे. आपल्याकडे अशी चित्रे शोभेसाठी भरपूर घालतात.

सारांश हा स्वतंत्र प्रकार आहे हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. ‘प्रस्तुत शोधनिबंधात अमुक विषयाचा ऊहापोह करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या परिसंवादांच्या स्मरणिकांत इतक्यांदा छापले गेले आहे की त्याने काहीच कळत नाही. दीडशे-दोनशे शब्दांत प्रश्न, सामग्री, पद्धत आणि निष्कर्ष एवढे यावे. निष्कर्ष राखून ठेवू नये, ही रहस्यकथा नव्हे. संपादक सारांश वाचूनच ठरवतो की पुढे वाचायचे की नाही.

परीक्षकाला लेखक आणि लेखकाला परीक्षक माहीत नसावा अशी बहुतेक नियतकालिकांची रीत आहे. त्यासाठी नाव, संस्था आणि आभार वेगळ्या पानावर काढतात. पण ‘आमच्या गावच्या देवीला’ असे एक वाक्य आत राहिले तरी गोपनीयता संपते. फाइलच्या गुणधर्मांत नाव राहते ते वेगळेच, आणि तेही अनेकदा डीटीपीवाल्याचे.

भामट्या नियतकालिकांचा विषय टाळता येत नाही. बढतीच्या गुणांसाठी शोधनिबंध लागतात आणि तीन दिवसांत छापून देतो म्हणणारे दुकानदार त्यावर पोसले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढली. २०१९ मध्ये नवी ‘केअर’ यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. आता पारख ज्याची त्यानेच करायची आहे. नामवंत नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब नकली संकेतस्थळेही असतात, म्हणून जुने अंक उघडून पाहावेत आणि संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या मंडळात आहेत का ते त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर तपासावे. उसनवारीबाबत आयोगाचे २०१८ चे नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा करत नाहीत. पण यंत्राने दिलेला टक्का म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. मराठी पुस्तकातला मजकूर इंग्रजीत करून आपल्या नावावर खपवला तर यंत्राला त्याचा पत्ताही बहुधा लागत नाही.

पहिल्या फेरीत निबंध जसाच्या तसा स्वीकारला जाणे जवळपास होतच नाही. दुरुस्त्या सांगणारे पत्र आले तर ती चांगली बातमी समजावी. उत्तरासाठी दोन रकान्यांचा तक्ता करावा. डावीकडे परीक्षकाचा मुद्दा, उजवीकडे आपण काय केले आणि कोणत्या पानावर. मुद्दा पटला नसेल तर तसेही कारण देऊन लिहावे. नम्रपणे नकार देणाऱ्या लेखकाचा संपादकांना राग येत नाही, मुद्दा गाळून जाणाऱ्याचा येतो.

एक विनंती मात्र आहे. निबंध इंग्रजीत छापून झाला की तो मराठीतही लिहा. ज्यांनी शहाण्णवचा आकडा सांगितला, त्या माळावरच्या माणसांना तार्तूचा अंक वाचता येणार नाही. तोच मजकूर दोन भाषांत छापणे हा गुपचूप केला तर गैरप्रकार ठरतो, सांगून केला तर नाही. आधी इंग्रजी नियतकालिकाची लेखी संमती घ्या, मराठी संपादकाला पाठवतानाच तसे कळवा आणि मराठी लेखाच्या पहिल्या पानावर मूळ प्रकाशनाची नोंद द्या.